लंडन ते पॅरिस : विमानाचा सव्वा तास आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ

लंडन आणि पॅरिस यांमधले सरळ अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात विमानाला साधारण सव्वा तास दाखवतात. परंतु घराला कुलूप लावल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत आपला किती वेळ गेला, हे ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी तपशिलाने सांगावे. घरी येणाऱ्या पाहुण्यांची सहल आखताना तोच आकडा उपयोगी पडतो.

माझ्यापासून आरंभ करते. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. आई-बाबा नाशिकहून आले होते, तेव्हा लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाचे सकाळी साडेनऊचे विमान घेतले. सहाला घर सोडले. चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत पन्नास मिनिटे लागली. पण पासपोर्टच्या रांगेत तास गेला, सामान यायला वेळ लागला, आणि शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटर दूर असलेल्या त्या विमानतळावरून उपनगरी गाडीने येऊन हॉटेलात शिरलो तेव्हा सात तास झाले होते. तिकिटावर पोहोचण्याची वेळ ११.४५ पाहून बाबांनी विचारले होते, "मग सव्वा तास कसा?" पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे असते आणि दोन्ही देशांत उन्हाळी वेळ एकाच दिवशी बदलते, त्यामुळे हा फरक वर्षभर तेवढाच राहतो, हे त्यांना सांगावे लागले.

कॅम्डेनहून :
मी रेल्वेचा आग्रह धरीन. लंडनचे सेंट पँक्रास ते पॅरिसचे गार द्यु नोर हा लोहमार्ग सुमारे ४९२ किलोमीटरचा, म्हणजे हवाई अंतरापेक्षा बराच लांब आहे. तरीही युरोस्टार ही वेगवान गाडी सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते, कारण ती ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते आणि दोन्ही स्थानके भर शहरात आहेत. १९९४ साली खुला झालेला इंग्लिश खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटरचा असून त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच, गाडीत बसण्यापूर्वी होते. दारापासून दारापर्यंत मला पाच तास लागले. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह अनेक युरोपीय देशांत चालणारा) स्वतंत्रपणे काढावा. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये प्रवेश मिळत नाही.

पॅरिसहून :
नोकरीमुळे महिन्यातून दोनदा ये-जा करतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की पॅरिसकडे येताना काही मिनिटे वाचतात. जाताना मात्र हीथ्रोवर उतरण्यासाठी रांग लागते आणि विमान लंडनच्या आकाशात घिरट्या घालत राहते. एकदा तर घिरट्यांतच वीस मिनिटे गेली. वेळापत्रकातला सव्वा तास हा विमानाची उभे राहण्याच्या जागेपासून धावपट्टीपर्यंतची संथ चाल आणि असा खोळंबा धरून दिलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी, लंडन :
व्हिक्टोरियाहून रात्रीची बस. नऊ तास. झोप लागली नाही, पण भाडे परवडले.

हौन्स्लोहून :
आमच्या घराजवळच्या हौन्स्लो हीथ या तेव्हाच्या विमानतळावरून २५ ऑगस्ट १९१९ रोजी पॅरिसची दैनंदिन विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानात एकच प्रवासी होता आणि पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर पोहोचायला सुमारे अडीच तास लागले. मागच्या महिन्यात सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन निघाले, तेव्हा हीथ्रो विमानतळ इतका जवळ असूनही मी रेल्वेच निवडली, कारण विमानतळावरची लांबलचक चाल त्यांच्या गुडघ्यांना झेपली नसती.