'रोमँटिक बॅलड'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: दिवाळी अंकासाठी 'अनचेन्ड मेलडी' या इंग्रजी गाण्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. १९५५ साली एका तुरुंगपटासाठी ॲलेक्स नॉर्थनं चाल बांधली, हाय झारेटनं शब्द लिहिले, आणि लोक अजून ते त्याच ओढीनं ऐकतात. लेखात पदोपदी 'रोमँटिक बॅलड' येतं. कोशात बॅलडसमोर 'पोवाडा' आहे, संपादक म्हणतात 'भावगीत' लिहा. मला दोन्ही पटत नाहीत.

कोशवाचक: पोवाडा तिथे उगाच आलेला नाही. ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८९४ मध्ये पोवाड्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा पुस्तकाच्या नावातच 'बॅलड्स' घातलं. पण ते कथा सांगणारं गाणं. इथे कथा कुठाय?

जुनी तबकडी: कथा नाही, नुसतं वाट पाहणं आहे. म्हणून मी 'विराणी' म्हणेन, म्हणजे विरहाचं गाणं. ज्ञानेश्वरांच्या 'घनु वाजे घुणघुणा'मध्ये चंदनाची चोळीसुद्धा अंग पोळते, तीच ही तगमग. रायचस ब्रदर्स या गायकजोडीची १९६५ची तबकडी ऐका. त्यातला बॉबी हॅटफील्ड एकटा गातो, सुरुवातीला आवाज आवरून धरतो आणि शेवटाकडे एकदम वर सोडतो. ऐकणाऱ्यालाही तो तिथवर ताटकळत ठेवतो. ते गाणं टिकलंय यामुळे.

सातारकर: विराणी देवासाठी असते, तीही बाईच्या तोंडची. आणि टिकण्याचं श्रेय १९९०च्या 'घोस्ट'ला द्या. आमच्या कॉलेजात चाकावरच्या मातीच्या त्या प्रसंगानंतरच सगळ्यांना ते पाठ झालं. सरळ 'बॅलड' लिहा, टेबल लिहितोच ना आपण?

जुनी तबकडी: ज्ञानेश्वर पुरुषच होते की! आणि सिनेमानं ते पुन्हा कानावर घातलं, एवढंच. ब्रिटनमध्ये चार वेगवेगळ्या गायकांनी हे गाणं पहिल्या क्रमांकावर नेलंय, त्यातला पहिला १९५५ मध्येच. तेव्हा कुठला 'घोस्ट'?

कोशवाचक: 'विराणी' हे 'विरहिणी'चं झिजलेलं रूप, अर्थाला चोख बसतं. मात्र 'बॅलड'चं मूळ लॅटिन 'बल्लारे', म्हणजे नाचणे. त्या नात्यानं लावणी जास्त जवळची.

सातारकर: हे मान्य! पेशवाईतल्या लावण्यांत मोहिमेवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बायको आहेच.

रानजाई: अहो, दिवाळी अंकात 'रोमँटिक लावणी' छापली तर वाचक फडावरच पोचतील! शिवाय 'अनचेन्ड' हा शब्द गाण्यात एकदाही नाही, तो त्या तुरुंगपटाच्या नावातून आलाय. मग शीर्षकाचं काय करू?

कोशवाचक: ताई, शीर्षकाला हात लावू नका. सातारकर, तुम्ही लावणी 'लावण्य'वरून धरता की 'लावणे'वरून? भातलावणीची गाणी ऐकलीत, तर दुसरंच पटेल.

सातारकर: अजिबात नाही. भातलावणीत ढोलकी कुठे असते?