स्टेट युनिव्हर्सिट्यांची मुलं पळवापळवी: आपल्याच राज्यातल्या मुलांचं काय?

पिंपळपान:
मुलगी बारावीत, आम्ही अमेरिकेच्या मिडवेस्टात सतरा वर्षं. पीएसएटी (कॉलेज प्रवेश परीक्षेची सराव परीक्षा) देताना तिने "कॉलेजांना माझी माहिती द्या" असं कायसं होतं त्यावर टिक केली आणि तेव्हापासून पत्रपेटी रोज गच्च. एका शनिवारी बसून मोजली, १४२ पत्रकं. त्यातली निम्म्याहून जास्त दुसऱ्या राज्यांच्या स्टेट युनिव्हर्सिट्यांची, म्हणजे राज्य सरकारच्या, जिथे बाहेरच्या राज्यातल्या मुलाला घरच्यांपेक्षा जास्त फी असते. एकाने तर फुटबॉलच्या जर्सीवर तिचं नाव छापून फोटो पाठवला. दुसऱ्याने नुसता तक्ता, डावीकडे जीपीए (गुणांची सरासरी, चारपैकी), वर एसीटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, आपला चौकोन शोधायचा आणि त्यात लिहिलेले डॉलर वाचायचे. अर्ज करायच्या आधीच सूट कळते.

आणि आमच्या स्वतःच्या राज्याची मोठी युनिव्हर्सिटी, जिच्यासाठी आम्ही इतकी वर्षं टॅक्स भरतोय, तिने इंजिनिअरिंगला वेटलिस्टवर टाकलं. तिथेही बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं आहेतच, आणि त्यांच्या राज्यांत आमचे रिक्रूटर फिरतायत. म्हणजे शेजाऱ्यांची मुलं आपल्याकडे आणायची, आपली शेजाऱ्यांकडे जाऊ द्यायची, आणि दोघांनीही त्यासाठी जाहिराती, रिक्रूटर, स्कॉलरशिपा यांच्यावर पैसा ओतायचा. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. एकूण शिकणारी पोरं तेवढीच राहतात. प्रायव्हेट कॉलेजांनी हे करावं, त्यांचा तो धंदा आहे. पण राज्याच्या मालकीच्या संस्थांनी एकमेकांची मुलं का पळवायची? मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

खडकवाट:
पिंपळपान, वेटलिस्टचं वाचून वाईट वाटलं, पण तुमच्याशी सहमत नाही. मी दक्षिणेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो.

अलाबामाचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये रॉबर्ट विट प्रेसिडेंट म्हणून आले तेव्हा तिथे साधारण २०,००० मुलं होती. विटनी वाढ हेच धोरण ठरवलं, देशभर रिक्रूटर बसवले, हुशार मुलांना भरघोस मेरिट स्कॉलरशिप द्यायला सुरुवात केली. लोक म्हणतात फुटबॉलमुळे झालं, पण फुटबॉलचे नावाजलेले कोच निक सेबन आले २००७ मध्ये, म्हणजे धोरण आधी आणि ट्रॉफ्या नंतर. २०२४ ला ४०,००० च्या वर गेले. त्यात बाहेरच्या राज्यातली मुलं निम्म्याहून जास्त.

हे सगळं हौसेने झालं का? नाही. २००८ च्या मंदीनंतर एकामागून एक राज्यांनी युनिव्हर्सिट्यांचं अनुदान कापलं. पगार, इमारती, लॅब, सगळं चालवायचं कशावर? बाहेरचं मूल स्कॉलरशिप वजा जाऊनही बऱ्याचदा राज्यातल्या मुलाइतकी किंवा जास्तच फी भरतं, वर डॉर्म आणि मेसचे पैसे वेगळे. त्या पैशावर आमच्या डिपार्टमेंटला नवे शिक्षक मिळाले, आणि त्यांच्या वर्गात राज्यातली मुलंही बसतात ना. राज्याने हात वर केले आणि युनिव्हर्सिटीने स्वतःच्या पायावर उभं राहायचा मार्ग शोधला, तर दोष तिचा कसा?

रानजाई:
खडकवाट, तुमच्या कॅम्पसवर नवे शिक्षक आले, आमच्याकडचे गेले. मी पेनसिल्व्हेनियात एका छोट्या सरकारी कॅम्पसच्या रजिस्ट्रार ऑफिसात बरीच वर्षं होते.

राज्याच्या चौदा युनिव्हर्सिट्यांत मिळून २०१० च्या आसपास १,२०,००० च्या जवळ मुलं होती, दहा-बारा वर्षांत ती ९०,००० च्या खाली आली. मग जुलै २०२२ मध्ये सहांच्या दोन केल्या. कॅलिफोर्निया (पेनसिल्व्हेनियातलंच गाव), क्लॅरियन, एडिनबरो मिळून पेनवेस्ट, आणि ब्लूम्सबर्ग, लॉक हेवन, मॅन्सफील्ड मिळून कॉमनवेल्थ. राज्यातल्याच पेन स्टेट या वेगळ्या मोठ्या युनिव्हर्सिटीने २०२५ च्या मे महिन्यात ठरवलं की २०२७ च्या स्प्रिंगनंतर सात छोटे कॅम्पस बंद. वाढीच्या बातम्यांत हे आकडे कोणी लावत नाही, म्हणून लिहितेय.

मला आठवतं ते ऑगस्टचं. आधी डॉर्मचा एक मजला बंद केला, पुढच्या वर्षी अख्खी इमारत, आणि खिडक्यांना आतून तपकिरी कागद लावला. सप्टेंबरात एक आई आली, मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, कामावरून थेट आलेली, एप्रन तसाच अंगावर. तिला कोणी जर्सीवर नाव छापून पाठवलं नव्हतं. चाळीस मैलांवरचं आमचं कॅम्पस हेच तिच्यासाठी कॉलेज होतं. तुमच्या तक्त्यात तिच्या मुलीचा चौकोनच नाही हो.

सांजसावली:
रानजाई +१. आणि यावर उपाय नाही असं नाही. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात १९८६ पासून नियम आहे, राज्याच्या मुख्य युनिव्हर्सिटीत, चॅपल हिलला, फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) वर्गात बाहेरची मुलं फक्त १८ टक्के. ओलांडली तर दंड बसतो. युनिव्हर्सिटी बुडाली का? उलट देशातल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत पहिल्या पाचांत धरतात. टेक्सासने १९९७ ला वेगळा रस्ता काढला, शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांत असाल तर राज्याच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश पक्का (ऑस्टिनच्या मुख्य कॅम्पसला आता तो टक्का कमी आहे कारण जागाच पुरत नाहीत). कायदा असला की सगळं नीट होतं, नसला की जो तो आपापला गल्ला बघतो.

खडकवाट:
सांजसावली, कायदा करणं सोपं पण त्याची किंमत राज्याने मोजली तरच तो चालतो. कॅलिफोर्निया बघा. २०१६ मध्ये राज्याच्या ऑडिटरने यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, झापलं, की बाहेरच्या मुलांच्या मागे लागून तुम्ही घरच्यांवर अन्याय केलात. २०१७ ला १८ टक्क्यांची मर्यादा आली, तरी तिचे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो हे कॅम्पस वर राहिले कारण ते आधीच वर होते. शेवटी २०२१ मध्ये राज्याने सांगितलं, पाच वर्षांत खाली या, आणि बाहेरच्यांची जी फी बुडेल ती आम्ही भरून देतो. हा "आम्ही भरून देतो" महत्त्वाचा आहे. अलाबामासारख्या गरीब राज्याला हे कसं जमायचं?

आणि रानजाई, तुमचं दुःख खरं आहे, पण ते कॅम्पस अलाबामाने रिकामे केले असं नाही. मुलंच कमी झालीत. अमेरिकेत २००७ ला ४३ लाख बाळं जन्मली, त्यानंतर आकडा घसरत गेला. ती २००७ ची बाळं २०२५ ला बारावी झाली. इथून पुढे २०४१ पर्यंत हायस्कूल पास होणारी मुलं सुमारे १३ टक्के कमी होणार असा अंदाज आहे.

रानजाई:
मुलं कमी झाली हे मान्यच आहे, पण कमी झालेल्या मुलांत कोणाच्या वाट्याला किती हे कुठेतरी ठरतंच ना. विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये आपल्या मुख्य कॅम्पसवरची, मॅडिसनवरची, बाहेरच्या मुलांची २७.५ टक्क्यांची मर्यादा उठवली, अट एवढीच की दर वर्षी किमान ३,६०० राज्यातले फ्रेशमन घ्या. मॅडिसन आज ५०,००० च्या पुढे आहे, आणि त्याच सिस्टिममधलं रिचलंडचं दोन वर्षांचं कॅम्पस २०२३ ला बंद पडलं. राज्य तेच आणि बोर्ड ऑफ रीजेंट्स (कारभार बघणारं मंडळ) हेही तेच. मोठ्या कॅम्पसने दार उघडलं की आजूबाजूच्या छोट्यांतली मुलंही तिकडे ओढली जातात. आईवडिलांचा दोष नाही, मीही तेच केलं असतं.

आणि वाढीच्या नादात मोठ्यांचीही फसगत होते. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट गॉर्डन गी म्हणत होते २०२० पर्यंत ४०,००० मुलं होतील. झालं उलटं. २०२३ ला ४५ मिलियनचा खड्डा, २८ मेजर (मुख्य विषय) बंद, १४३ प्राध्यापकांच्या जागा गेल्या. परभाषा शिकवणारं जवळजवळ अख्खं डिपार्टमेंट गेलं. ज्यांनी आकडे लावले ते नाही गेले, स्पॅनिश शिकवणारे गेले.

उंबरठा:
थोडं पालक म्हणून. माझा मुलगा असाच तक्त्यातल्या चौकोनावर दक्षिणेत गेला, तिसरं वर्ष चालू आहे, खूश आहे. आमच्या इनस्टेट फीपेक्षा स्वस्त पडलं. मध्यमवर्गीयांना, ज्यांना नीड-बेस्ड (उत्पन्न बघून दिली जाणारी) मदत मिळत नाही आणि प्रायव्हेटचे ऐंशी-नव्वद हजार झेपत नाहीत, त्यांना हा एकच रस्ता उघडा आहे. मेन राज्याने २०१६ पासून तेच केलं, आसपासच्या राज्यांतल्या मुलाला त्याच्या घरच्या स्टेट युनिव्हर्सिटीएवढीच फी. म्हातारं होत चाललेलं राज्य, पोरं यावीत, जमली तर तिथेच नोकरीला राहावीत, त्यात पळवापळवी कसली?

पण पिंपळपान, एक नक्की सांगतो. स्कॉलरशिप टिकवायला जीपीएची अट असते. मुलाच्या रूममेटचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी जीपीए ३.० च्या खाली गेला, फार नाही, थोडासाच. स्कॉलरशिप गेली आणि एकदम आउट ऑफ स्टेटची पूर्ण फी. तो घरी परतला, आता कम्युनिटी कॉलेजात (गावातल्या स्वस्त, दोन वर्षांच्या कॉलेजात) आहे. जाताना रात्री गाडीत सामान भरायला माझा मुलगा होता, त्याने फोन करून सांगितलं तेव्हा रडत होता. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

पिंपळपान:
सगळ्यांचे आभार. खडकवाट, राज्यांनी हात वर केले हे पटलं, माझा राग मी चुकीच्या खिडकीवर काढत होतो हे थोडंफार मान्य. पण आज जे झालं ते वाचा.

आम्ही २८ एप्रिलला शेजारच्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीत जागा नक्की करायचं डिपॉझिट भरलं. मुलीने टी-शर्ट घातला, फोटो काढला, रूममेट शोधली. आज, ३ मेला, दुसऱ्या एका स्टेट युनिव्हर्सिटीचा ईमेल: तुमची फाइल पुन्हा पाहिली, आणखी ४,००० डॉलर देतो, उत्तर शुक्रवारपर्यंत. पूर्वी १ मेनंतर (ही कॉलेज नक्की करायची नेहमीची शेवटची तारीख) दुसरीकडे नक्की झालेल्या मुलाला गळ टाकायचा नाही असा अ‍ॅडमिशनवाल्यांच्या संघटनेचा, नॅकॅकचा नियम होता. न्याय खात्याने म्हटलं हा स्पर्धेला अडथळा, आणि २०१९ मध्ये संघटनेने तो काढून टाकला. कायद्याने ते बरोबरही असेल. पण माझी अठरा वर्षांची पोर संध्याकाळपासून खोलीत बसून दोन टॅब उघडून बघतेय, आणि जिच्याशी रोज बोलत होती त्या रूममेटला काय सांगू म्हणून विचारतेय. एका सरकारी संस्थेने हे करावं याचा मला अजूनही राग येतो, माफ करा.

खडकवाट:
माफी कशाला मागता. मे महिन्यातल्या या ईमेलांचं मीही समर्थन करणार नाही. आमच्याकडे फॅकल्टी मीटिंगमध्ये हा विषय मीच काढला होता, उत्तर मिळालं की बाकीचे करतात, आपण नाही केलं तर आपलीच मुलं जातील.

उंबरठा:
पिंपळपान, सकाळी त्यांच्या ऑफिसला फोन करा आणि उत्तर लेखी मागा: हे ४,००० चारही वर्षं का? कितीच्या जीपीएवर? फी वाढली तर रक्कम वाढते का?

पिंपळपान:
केला फोन. बाई फार चांगल्या बोलल्या. रक्कम फक्त पहिल्या वर्षासाठी आहे. मुलीला सांगितलं, तिने एक टॅब बंद केला आणि रूममेटला मेसेज केला की चादरी कुठल्या रंगाच्या घ्यायच्या.