कोंबडीची पिसं जिवाणूंना द्यायची की वाफेला?

पिसारा: दोन किलोच्या ब्रॉयलरमागे १०० ते १४० ग्रॅम पिसं निघतात. त्यातलं सुमारे ९० टक्के केराटिन, म्हणजे प्रथिनच, आणि आपण ते ओढ्याकाठी फेकतो! अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जेसन शिह यांच्या गटाला कोंबडीखान्याच्या बायोगॅस टाकीतच पिसं फस्त करणारा जिवाणू सापडला: बॅसिलस लायकेनिफॉर्मिस. १९९० साली त्यावर निबंधही आला. त्याचं केराटिनेज एन्झाइम ५० अंशांच्या आसपास पिसं विरघळवतं. मग आपण अजून जाळत-पुरत का बसलोय?

वाफाळलेला: कारण वाफ आहे. रेंडरिंगवाले, म्हणजे कत्तलीचा कचरा शिजवून वापरात आणणारे, १४० अंशांच्या आसपास, दाबाखाली, तासाभरात पिसांची खाद्यासाठी भुकटी करतात. साल्मोनेलासारखा रोगजंतूही त्यातच मरतो. तुमच्या जिवाणूंना दिवस लागणार, टाकी गरम ठेवायची, ढवळायची, शेवटी पाणीही आटवायचं. डिझेलचा हिशेब मांडा, मग बोलू.

पिसारा: हिशेबात पिसांतलं सिस्टीन, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल, धरलंत का? जास्त उष्णतेत त्याचं लॅन्थिओनिन होतं, कोंबडीला त्याचा फारसा उपयोग नाही.

वाफाळलेला: सिस्टीन वाचलं तरी पिसांत लायसिन, मेथिओनिन ही खाद्याला लागणारी अमिनो आम्लं कमी ती कमीच. खाद्यात पिसांची भुकटी चिमूटभरच जाणार.

खाटीकआळी: दोघंही एकदा चिकनच्या दुकानात उभे राहा राव. बहुतेक गिऱ्हाइकांना विदाउट स्किन लागतं, म्हणून आम्ही पिसं उपटतच नाही, कातडीसकट सोलून काढतो. ड्रममध्ये कातडी, चरबी, आतडी, रक्त, पिसं, सगळा काला. उन्हाळ्यात दुपारी वास सुटतो. प्रयोगातली पिसं धुऊन वाळवलेली असतात. या काल्यात तुमचं एन्झाइम काय करणार?

पिसारा: वेगळी काढली तर?

खाटीकआळी: कोण काढणार? पोरगा कोंबडी कापेल की पिसं निवडत बसेल? रेंडरिंगची गाडी रोज वेळेवर आली तरी पुष्कळ.

चर्मकन्या: केराटिनेज चामड्याच्या धंद्यात जास्त शोभेल. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत एन्झाइमनं कातड्यावरचे केस काढण्यावर काम झालंय. एरवी केस काढायला वापरतात त्या सल्फाइडचं घाण पाणी कमी होतं. अट एकच, एन्झाइमनं कोलेजनला, म्हणजे चामडं ज्याचं बनतं त्या प्रथिनाला, हात लावता कामा नये.

पिसारा: ताई, मान्य, पण पिसं तिथेच राहिली ना! मोठ्या प्लांटमध्ये मशीनवर पिसं वेगळीच निघतात. तिथून सुरुवात करा आणि खाद्याऐवजी द्रवखत बनवा. पिसांत नत्र १५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि पिकाला लायसिनशी देणंघेणं नाही.

वाफाळलेला: खतासाठी म्हणाल तर ऐकतो. पण मग एन्झाइम शुद्ध करून विकत घ्यायचं नाही, जिवाणूच टाकीत सोडायचा. नाहीतर खताची बाटली युरियाच्या गोणीपेक्षा महाग पडेल.