बॅटरीला पाना टेकला, ठिणगी उडाली, आता गाडी मिस मारतेय. सल्ला हवा

खाडीकाठ
बाईक २०१३ ची, १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. रविवारी हॉर्न बदलत होतो. बॅटरीचा प्लसचा बोल्ट सैल करताना १० चा पाना चेसीला टेकला. फाडकन ठिणगी, पान्याला तांदळाच्या दाण्याएवढा खळगा. फ्यूज शाबूत आहे. गाडी सुरू होते, पण तेव्हापासून चार हजार आरपीएमच्या वर आचके देते. काल निवळी घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढली. आणि गंमत म्हणजे इंडिकेटर लावला की त्याच तालात इंजिन मिस मारतं, टिक-टॉक, टिक-टॉक. मेकॅनिक म्हणतो सीडीआय (स्पार्क प्लगची ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडाला, नवीन टाका. टाकू का?

फुल_थ्रॉटल
सीडीआयच. माझाही असाच गेला होता. चार्जिंग बघायचं तर गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढ, बंद पडली तर रेक्टिफायरही (इंजिनच्या विजेचं डीसी करून बॅटरी चार्ज करणारा) गेलाय.

ग्रीसचे_हात
खाडीकाठ, ते वायर काढायचं अजिबात करू नका. चालू इंजिनवर बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि आत्ता चांगला असलेला सीडीआय खरंच उडतो.

आधी करंट कुठून गेला ते बघा. प्लस, पाना, चेसी, मायनसची काळी वायर, परत बॅटरी. झालं एवढंच. मेन फ्यूज या वाटेत येतच नाही, म्हणून तो शाबूत. सीडीआयही या वाटेत नाही. मग मार कोणाला बसला? बॅटरीला आणि काळी वायर जिथे बोल्टने चेसीला आवळलेली असते त्या जोडाला. एवढ्याशा बॅटरीतूनही अशा वेळी शंभरावर अँपिअर सहज धावतात. जोड आधीच गंजका असेल तर तो जळतो. तुम्ही समुद्राकाठचे, तेव्हा असणारच.

इंडिकेटरच्या तालाचं जे लिहिलंत, त्यावरून मी तरी अर्थिंगवर, म्हणजे त्या काळ्या वायरच्या जोडावर, पैज लावीन. सीडीआय बिघडला तर त्याला इंडिकेटरशी काय देणंघेणं?

मल्टीमीटर डीसी २० वर ठेवा. गाडी बंद असताना बॅटरी किती, सेल्फ मारताना किती, ते लिहा. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं.

खाडीकाठ
बंद असताना १२.५. सेल्फ मारताना १०.४. मायनस ते इंजिन १.६!

ग्रीसचे_हात
बॅटरी वाचली. सापडलं तुमचं दुखणं. सेल्फला मिळायचे दीड व्होल्ट त्या जोडातच जळतायत. गाडी चालू असताना बॅटरी रेक्टिफायरचे हेलकावे पोटात घेते. तिचं अर्थिंग नीट लागत नसेल तर ते हेलकावे थेट सीडीआयला जातात, तुमचा सीडीआय बॅटरीवर चालणारा आहे ना. सीट काढा, काळ्या वायरमागे जा, बोल्ट सोडा.

फुल_थ्रॉटल
माझा सीडीआय बदलल्यावर गाडी नीट झाली होती पण.

ग्रीसचे_हात
बदलताना बॅटरीच्या वायरी काढून परत घट्ट आवळल्या होत्या ना? :)

खाडीकाठ
बोल्ट टूलबॉक्सच्या मागे निघाला. वायरचा कान (टोकाची, बोल्टात अडकणारी धातूची कडी) एका बाजूने निळा-काळा पडलेला, खाली हिरवा चुरा. कान कापून नवीन क्रिंप केला, चेसीचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, आवळून वर व्हॅसलीन. आता मायनस ते इंजिन ०.२. चार हजारला बॅटरीवर १४.१. आज संध्याकाळी निवळी घाट तिसऱ्या गिअरवर, इंडिकेटर मुद्दाम चालू ठेवून. एक आचका नाही.

सीडीआयचे पैसे वाचले. पुढच्या वेळी आधी मायनस काढणार, मग प्लसला हात.

ग्रीसचे_हात
आणि लावताना मायनस शेवटी. तो पाना टाकू नका, खिळ्याला लटकवा.