सर्क्युलर सॉ: गार्ड वर अडकवून ठेवायला सांगतायत, ते बरोबर आहे का?

नवी_करवत

पुस्तकांचं कपाट स्वतः करायचं ठरवलंय. १८ मिमी प्लायची पूर्ण शीट आहे, ८ बाय ४ फूट. टेबल सॉ ठेवायला जागा नाही म्हणून हातात धरून चालवायचा सर्क्युलर सॉ घेतला. १८५ मिमीचं पातं, वायरवाला. अजून प्लग लावलेला नाही.

मॅन्युअल वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि गोंधळ वाढला. एका व्हिडिओत खालचा हलता गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) पाचर मारून वर अडकवलाय, का तर काप सुरू करताना तो मध्ये येतो. दुसऱ्यात शीट दोन घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) आडवी टाकून मधोमध कापतायत. मॅन्युअलमध्ये किकबॅकबद्दल, म्हणजे मशीन अचानक मागे उसळण्याबद्दल, पानभर इशारे आहेत, पण तो होतो कसा ते कळत नाही. मी एकटीच काम करणार, शीट धरायला कुणी नसेल. गार्ड आणि आधार, या दोन्हींबद्दल कुणी नीट सांगेल का?

रंधा_पटाशी

ताई, मशीन सुरू करायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी सुतार आहे. कामावर नवीन आलेल्या पोरांच्या हातात हे मशीन पहिल्यांदा मीच देतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी गार्ड. तो बांधायचा नाही, त्यात पाचर मारायची नाही, कारण काहीही असो. ट्रिगर सोडला म्हणजे पातं थांबलं असं होत नाही. ब्रेक नसलेल्या मशीनमध्ये ते काही सेकंद फिरत राहतं. गार्ड वर अडकलेला असताना तुम्ही मशीन खाली टेकवलंत तर ते दातांवर पळत सुटतं, आणि जवळच तुमचे पाय असतात. तिरका काप घेताना किंवा बारीक कड छाटताना गार्ड सुरुवातीला अडतो हे खरं आहे. त्यासाठीच त्याला बाजूला छोटा दांडा दिलेला असतो. त्याने गार्ड उचलायचा, पातं लाकडात शिरलं की दांडा सोडायचा आणि हात परत पुढच्या मुठीवर आणायचा. तेवढा वेळ मशीन एकाच हातात असतं, म्हणून शीट क्लॅम्पने पक्की केलेली हवी.

काम सुरू करण्याआधी दर वेळी, प्लग काढलेला असताना, तो दांडा ओढून सोडून बघा. गार्ड टक्कन पूर्ण मिटला पाहिजे. रेंगाळला तर आत भुसा आणि चीक साचलाय, साफ करा. साफ करूनही रेंगाळत असेल तर स्प्रिंग गेली. ती बदलेपर्यंत मशीनला हात लावू नका.

आता किकबॅक. पात्याचे पुढचे दात खालून वर येतात, आणि तळाचे दात तुमच्यापासून लांब, पुढच्या दिशेला पळत असतात. पातं मोकळं फिरतंय तोवर ठीक. पण कापलेली खाच मिटली आणि लाकडाने पातं दोन्ही बाजूंनी आवळलं, की दातांना पुढे सरकता येत नाही. मग मोटरचा सगळा जोर मशीनलाच उलट ढकलतो, म्हणजे तुमच्याकडे. दुसरा प्रकार मशीन खाचेत वाकडं झालं की होतो. पात्याचे मागचे दात लाकडाच्या वरच्या पृष्ठभागात रुततात, पातं खाचेतून वर चढतं आणि मशीन मागे उडी मारतं. १८५ मिमीचं पातं मिनिटाला ५५०० फेऱ्या मारत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. ते मागे येताना बघून बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तुम्ही आधीच बाजूला उभ्या आहात की नाही, एवढंच तेव्हा कामाला येतं.

म्हणून माझं सगळं लक्ष असतं ते लाकडाकडे. काप पूर्ण होताना दोन्ही तुकडे कुठे जाणार, हे मशीन उचलायच्या आधी सांगता आलं पाहिजे. दोन घोड्यांवर शीट टाकून मधोमध कापली तर काप पुढे सरकेल तसे दोन्ही अर्धे मध्ये झुकतात, खाच वरून मिटते आणि पातं पकडलं जातं. तो व्हिडिओ विसरा. एकटीने करायचं तर शीट जमिनीवरच घ्या. खाली सारख्या जाडीच्या चार पट्ट्या घाला, कापायच्या रेषेच्या या बाजूला दोन, त्या बाजूला दोन. दोघींपैकी एक रेषेला लागून आणि एक कडेकडे. पट्ट्यांऐवजी अख्ख्या शीटखाली जाड थर्माकोल टाकलात तर आणखी सोपं. काप संपल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात, काहीच पडत नाही, काहीच झुकत नाही. जो भाग मोठा उरणार त्यावर गुडघा टेकून बसा, पण रेषेच्या बाजूला. पात्याच्या सरळ मागे शरीर येता कामा नये, आणि हात शीटखाली कधीच नाही.

पात्याची खोली प्लग काढूनच लावायची. १८ मिमीच्या प्लायसाठी पातं खालून एक दातभर बाहेर दिसलं की पुरे, ३ ते ५ मिमी. जास्त बाहेर काढलं तर पात्याचा जास्त भाग लाकडात अडकतो आणि खाली उघडे दातही जास्त राहतात.

रेषेवर सरळ जायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने बांधा. बेस प्लेटच्या (मशीनच्या तळाच्या सपाट पत्र्याच्या) कडेपासून दातापर्यंतचं अंतर टाकाऊ तुकड्यावर एक काप घेऊन मोजा, छापील आकड्यावर विसंबू नका. मग प्लग न लावता, पातं वर घेऊन, मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीला लावून सरकवून बघा. मोटर क्लॅम्पच्या मुठीला आपटते का? एक्स्टेंशनचा जोड शीटच्या कडेला अडकतो का? हा जोड फार वाईट. काप अर्ध्यावर आला की वायर ताणली जाते, मशीन किंचित वळतं आणि पातं खाचेत तिरकं होतं. वायर खांद्यावरून मागे टाका आणि जोड शीटपासून लांब ठेवा.

चालवताना दोन्ही हात मुठींवर. पातं लाकडाला टेकायच्या आधी मशीनला पूर्ण वेग घेऊ द्या. कान आवाजाकडे ठेवा. सूर खाली उतरला तर तुम्ही जोरात ढकलताय, नाहीतर खाच मिटतेय. ट्रिगर सोडा आणि मशीन आहे तिथेच घट्ट धरून पातं थांबू द्या. फिरतं पातं मागे ओढायचं नाही. रेषा चुकली म्हणून चालू मशीन खाचेतच वळवायचंही नाही. थांबा, बाहेर काढा, पुन्हा सुरुवातीपासून घ्या.

भुसा_उडतो

वरच्या सगळ्याला दुजोरा. पात्याबद्दल थोडं. मशीनसोबत बहुधा २४ दातांचं पातं येतं, ते लाकूड चिरायला बरं. प्लायला ४० किंवा ६० दातांचं लावा, कड कमी फाटते. पुढचे दात खालून वर येत असल्याने वरची बाजू फाटते, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापा. पात्यावर लिहिलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा मोठाच हवा. मध्यभागाचं भोकही शाफ्टला तंतोतंत बसलं पाहिजे. बोथट पातं लाकूड जाळतं आणि अडकतं, म्हणून जळका वास आला की पातं बघा. पात्यामागे राइव्हिंग नाइफ (खाचेत शिरणारी पातळ पट्टी) असेल तर ती काढू नका, खाच मिटू नये म्हणूनच ती असते.

आणि मास्क. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. गॉगल आणि कानांना संरक्षणही लागेलच.

नवी_करवत

दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांऐवजी थर्माकोलच घालते. दोन शंका राहिल्या. हातमोजे घालू का? आणि कपाटाच्या मागे लावायला ४ सेंमी रुंदीच्या, ३० सेंमी लांबीच्या काही पट्ट्या हव्या आहेत. त्या याच मशीनने निघतील का?

रंधा_पटाशी

शीट उचलताना हातमोजे घाला, कापताना काढून ठेवा. सैल कापड दातात गेलं तर हातही सोबत ओढला जातो. ढगळ बाह्या, गळ्यातली दोरी, मोकळे केस यांचंही तेच.

पट्ट्या शीट मोठी असतानाच काढा. मशीनचा बेस रुंद भागावर टेकलेला हवा, क्लॅम्पही त्याच भागाला, आणि ४ सेंमीची पट्टी बाहेरच्या बाजूला सुटी होऊ द्या. अशी एक लांब पट्टी निघाली की तिचे ३० सेंमीचे तुकडे मात्र या मशीनने करू नका. एवढ्याशा लाकडावर बेस टेकत नाही आणि हात पात्याजवळ जातो. पट्टी टेबलाला क्लॅम्पने बांधा, गुण्याने रेघ मारा आणि हातकरवतीने कापा. एका तुकड्याला मिनिटभरही लागत नाही.