पाय गमावल्यानंतरचे दिवस : आपले अनुभव लिहावेत

पाय गमावल्यानंतर मनाचे काय होते, याविषयी ज्यांनी ते सोसले आहे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते. माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला सहा वर्षे झाली. घरी आल्यावर एका रात्री झोपेतून उठताना, पाय आहे असे समजूनच मी खाली उतरले आणि पडले. लागले फारसे नाही. पण पाय खरोखरच गेला आहे हे मला तेव्हा कळले आणि मी पहिल्यांदा रडले.

* * *

माझा पाय मांडीतून कापला आहे. नसलेल्या पायाची बोटे कोणी पिळत असल्यासारखी वेदना होई आणि लोक वेडा ठरवतील या भीतीने मी ती कित्येक आठवडे लपवली. अखेर फिजिओथेरपिस्टना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की मेंदूतील त्या पायाची जागा पुसली जात नाही आणि वीअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्येच या भासमान अवयवाविषयी लिहून ठेवले आहे. वेदना तेवढीच राहिली, पण आपण एकटे नाही हे कळल्याने मला त्या रात्री झोप लागली. पुढे दोन्ही बाजूंच्या मध्ये आरसा धरून, चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत तो हलवण्याचा व्यायाम त्यांनी दिला. मला त्याचा उपयोग झाला. सर्वांनाच होतो असे नाही.

* * *

कृत्रिम पाय बसला की सारे मार्गी लागेल, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात पायाचा उरलेला भाग आक्रसतो, तो ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट सैल होते, जास्तीचे मोजे घालावे लागतात, पुन्हा माप द्यावे लागते. दर वेळी कुबड्या हाती आल्या की मी स्वतःलाच दोष देत असे. नव्याने या वाटेवर आलेल्यांना हे कृपया आधीच सांगावे.

* * *

मी पत्नी म्हणून लिहिते आहे. यांचे जुने बूट दिसू नयेत म्हणून मी ते कपाटामागे लपवले होते. टाचेच्या उंचीप्रमाणे पाऊल जुळवावे लागते, तेव्हा रोजचे बूट घेऊन या, असे कृत्रिम पाय बनवणाऱ्यांनी सांगितले आणि मला ते यांच्यासमोर बाहेर काढावे लागले. हे काहीच बोलले नाहीत. फडके मागून घेतले आणि दोन्ही बूट पुसले.