मदत हवी आहे: संयुक्त प्रकल्पात डिझाइन बदलावर शेवटची सही कोणाची?

आमच्या बायोमेडिकल नेटवर्कमध्ये दोन प्रयोगशाळा, एक रुग्णालय आणि एक छोटा उत्पादक आहे. प्रमुख दोघं: एक डॉक्टर, एक इंजिनिअर. छातीवर चिकटवून श्वसनदर मोजणाऱ्या सेन्सरचा नमुना तयार आहे, रुग्णांवर चाचणी अजून नाही.

डॉक्टरांना चिकटपट्टी बदलून हवी आहे. नाजूक त्वचेला ती सोसणार नाही म्हणतात. इंजिनिअर म्हणतात, पट्टी बदलली की आयएसओ १०९९३ नुसार जैवसुसंगततेचं (म्हणजे साहित्य शरीराला अपाय करत नाही ना, याचं) मूल्यमापन आणि आयएसओ १४९७१ ची जोखीम फाइल पुन्हा उघडायची. दोघंही बरोबर आहेत, हीच पंचाईत.

सहा-सहा महिने आळीपाळीने नेतृत्व करून पाहिलं, तर नवा प्रमुख जुन्याचे निर्णय फिरवतो. मतदानात उत्पादकाचं मत ठरलेलं: स्वस्त पर्याय. तिसरा पूर्णवेळ प्रमुख परवडणार नाही. बौद्धिक संपदेचा करार झालाय, तो विषय नको. आयएसओ १३४८५ ला (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) बदलाचा आढावा आणि मंजुरी लागते, पण सही डॉक्टरांची की इंजिनिअरची हे त्यात नाही.

असं नेटवर्क चालवलेल्यांनी सांगा: शेवटची सही उत्पादकाकडे दिलीत की प्रमुखांकडे? आणि डॉक्टरांना सुरक्षेपुरता नकाराधिकार दिला असेल, तर ‘सुरक्षेपुरता’ म्हणजे नेमकं काय हे करारात कसं लिहिलंत?